ताप उतरल्यानंतर

आजाराची गोष्ट सांगताना आपण ती ताप उतरला की संपवतो. केसपेपरवरही तेच. अंग निवले, पेशंट दोन घास खाऊ लागला, की डॉक्टर म्हणतात, "बरे झालात, आता यायची गरज नाही." घरचे म्हणतात, "उठला बाबा एकदाचा." मात्र उठलेला माणूस पुढचे दोन-तीन महिने कसा असतो, चढण चढताना त्याला मध्येच बसावे लागते का, रात्री झोप लागते का, सकाळी मुठी वळतात का, हे विचारायला कुणी येत नाही. ही पुस्तिका त्या दोन-तीन महिन्यांविषयी आहे. कधी कधी ते दोन-तीन वर्षांवरही जातात. शिवाय २०२१ पासून प्रत्येक दुखण्याला चिकटलेला एक प्रश्न तिच्यात आहे: हे लसीमुळे तर नाही ना झाले?

हे दोन विषय एकाच पुस्तिकेत घ्यावेत का, यावर बरीच वादावादी झाली. आजाराची मागे राहणारी दुखणी हा रोजचा अनुभव आहे आणि लसीचा गंभीर त्रास ही फार विरळ गोष्ट; दोन्ही शेजारी छापल्या तर वाचणाऱ्याला त्या तोलामोलाच्या वाटतील, अशी हरकत होती. ती अर्धी मला पटली. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे खरेच. पण विचारणारा माणूस एकच असतो. तो सकाळी गुडघ्यांबद्दल बोलतो आणि त्याच वाक्यात इंजेक्शनबद्दल विचारतो. आपण एका प्रश्नाचे उत्तर देऊन दुसरा उडवून लावला, तर पहिल्या उत्तरावरचाही त्याचा विश्वास उडतो. म्हणून दोन्ही प्रश्न एकत्र ठेवले आहेत. उत्तरे वेगवेगळी आहेत.

आता ज्या गावाच्या माणसांसाठी ही पुस्तिका आहे त्या कोंडाण्याविषयी. पुण्याच्या माणसाला कोंढाणा म्हटले की सिंहगड आठवतो. हे कोंडाणे घाटाखालचे, कर्जत तालुक्यातले. बाहेरच्यांना ते लेण्यांमुळे माहीत असते. राजमाचीच्या पायथ्याशी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेला चैत्य, आणि त्यावर बलक नावाच्या, कण्हाच्या शिष्याने ब्राह्मी लिपीत कोरून ठेवलेले आपले नाव. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यापायी गर्दी होते, मग सोमवारी पुन्हा सामसूम. इथली माणसे भातशेती करतात, माळावर वरी-नाचणी घेतात. कुणी फार्महाऊसवर माळीकाम करते, कुणी कर्जत-खोपोलीची लोकल धरून कामाला जाते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून जातात. खालापूरकडे कारखान्यांतली कंत्राटी मजुरी आहे. ही सगळी कामे अंगमेहनतीची, आणि बहुतेकांचा पगार हजेरीवर. इथे 'थोडा अशक्तपणा राहील' या वाक्याचा अर्थ शहरातल्यापेक्षा निराळा होतो.

तो अर्थ लावणीच्या दिवसांत उघडा पडतो. आषाढात आवण काढायचे म्हणजे बाई पहाटे वाफ्यात उतरते, वाकून रोपे उपटते, मुळांचा चिखल पाण्यात झटकून मूठ बांधते. बोटे, मनगट, कंबर, घोटा, यांतला एकही सांधा त्या कामातून सुटत नाही. आदल्या वर्षी चिकनगुनिया होऊन गेलेल्या एका मावशींना मी हे काम करताना पाहिले. रोप उपटता येत होते, मूठ बांधता येत नव्हती. उपटलेली रोपे त्या शेजारणीकडे सरकवत आणि शेजारीण त्यांच्या वाटच्या मुठी बांधी. "ताप गेला गं ताई, पण बोटांत जोर नाय," एवढेच त्या गावात आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताईला म्हणाल्या. सरकारी कागदावर त्या वर्षभरापूर्वीच बऱ्या झालेल्या होत्या.

चिकनगुनियाचे हे वागणे महाराष्ट्राला नवीन नाही. हा विषाणू भारतात प्रथम सापडला तो १९६३ मध्ये कोलकात्यात. १९६५ मध्ये नागपूरला साथ आली आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. त्यानंतर तो जवळजवळ तीन दशके असा गडप झाला की डॉक्टरांच्या एका पिढीने तो फक्त परीक्षेपुरता वाचला. २००५ च्या अखेरीस तो परतला. २००६ या एका वर्षात देशात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, आणि एकट्या महाराष्ट्रात अडीच लाखांच्या वर. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासले तेव्हा कळले की हा जुना आशियाई वाण नसून आफ्रिकेकडचा आहे. साथीची बातमी ताप असेपर्यंतच चालली. पण या आजारात ताप चार-सहा दिवसांचा असतो. खरा त्रास त्यानंतरचा: सांधे धरतात, सकाळी पाऊल जमिनीवर टेकवत नाही, बोटे सुजतात. बहुतेकांचे काही आठवड्यांत ओसरते. काहींचे महिनोन् महिने राहते आणि थोड्यांचे वर्षांवर जाते. वय जास्त असेल, आधीच सांधेदुखी असेल, तर अधिक. बायकांत अधिक. २००६ मध्ये किती लोकांचे सांधे पुढच्या लावणीपर्यंत धरलेले होते, याचा आकडा गावपातळीवर कुणी ठेवला असेल असे मला वाटत नाही. साथीचे रजिस्टर रुग्ण मोजते, लंगडणारे मोजत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. चिकनगुनिया पसरवणारा डास घाण पाण्यातला नव्हे, साठवलेल्या स्वच्छ पाण्यातला. फेब्रुवारी-मार्चपासून कर्जत-खालापूरच्या वरच्या वाड्यांवर पाण्याची ओढाताण सुरू होते, तेव्हा प्रत्येक दाराशी ड्रम, टाकी, हंडे उभे राहतात. धो धो पावसाच्या प्रदेशात पाणी साठवून ठेवावे लागते आणि त्याच पाण्यात एडिस डास अंडी घालतो. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात, पाणी संपले तरी मरत नाहीत, पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळायचा म्हणजे नुसते पाणी ओतून द्यायचे नाही, ड्रमची आतली कड काथ्याने घासायची. ज्या बाईने ते पाणी दीड मैलावरून डोक्यावर आणलेय तिला ते ओतायला सांगणे किती अवघड आहे, हे फलक रंगवणाऱ्यांना कळत नाही. पुस्तिकेत त्यासाठी कपडा बांधून झाकण्याची पद्धत दिली आहे, ती आधी करावी.

सांधे धरले की माणूस गप्प बसत नाही. तो सुई मारून घेतो. बाजाराच्या दिवशी एखाद्या खोलीत बसणाऱ्या 'डॉक्टर'कडून पुडी आणतो. पुडीत तीन रंगांच्या तीन गोळ्या असतात, नाव एकीचेही माहीत नसते, पण संध्याकाळपर्यंत माणूस चालायला लागतो. या पुड्यांत वेदनाशामकाच्या जोडीला बऱ्याचदा स्टेरॉइड असते. स्टेरॉइड हे औषध वाईट नाही, योग्य वेळी तज्ज्ञ ते देतातही. पण महिनोन् महिने, मोजमाप नसताना घेतले तर तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, पोटात जखम होते, आणि दबलेला क्षय वर येऊ शकतो. मग या नव्या दुखण्यांनाही 'तापाचा मागचा त्रास' म्हटले जाते. सलाईनचेही तसेच. खारट पाण्याची बाटली आणि तिच्यात पिवळे जीवनसत्त्व. पैसे मोजले म्हणून तासभर बरे वाटते. या प्रकरणातली भाषा पुस्तिकेच्या लेखिकांनी मुद्दाम कडक ठेवली आहे. मला ती याहून कडक चालली असती.

आजार जाऊनही न गेलेला, याचे सर्वांत जुने आणि ओळखीचे उदाहरण आपल्याकडे नागिणीचे आहे. लहानपणी कांजिण्या येऊन जातात. विषाणू मात्र जात नाही, मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो. चाळीस-पन्नास वर्षांनी वय, दुसरा आजार किंवा अंगातली ताकद कमी झाली की तो एका नसेच्या वाटेने कातडीवर येतो. गावात गेरू लावतात, मंत्र घालून ती 'उतरवतात', आणि नागिणीचे तोंड-शेपूट कमरेभोवती जुळले की माणूस जातो असे सांगतात. ते सहसा जुळत नाही, कारण प्रत्येक नस शरीराच्या एकाच अंगाची असते आणि पुरळ मध्यरेषेपाशी थांबते. भीतीचे कारण दुसरेच आहे. पुरळ सुकल्यावरही त्या पट्ट्यात महिनोन् महिने आग होत राहते, अंगाला सदऱ्याचा स्पर्श सोसत नाही. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर फायदा जास्त. गेरूत जाणारे दिवस हेच असतात. नागीण माहीत असलेल्या माणसाला 'विषाणू अंगात राहतो' हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, म्हणून पुस्तिकेत तिला सुरुवातीचीच पाने दिली आहेत.

सगळेच विषाणू असे दडून बसत नाहीत. कधी जंतू निघून जातो आणि त्याच्याशी लढायला उठलेली आपलीच शक्ती शांत होत नाही. पूर ओसरला तरी खाचरात गाळ राहावा तसे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण झाले. आधी जुलाब, मग आठ-पंधरा दिवसांनी पायांतली शक्ती जाते, काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. तपासात पोटातला कॅम्पायलोबॅक्टर हा जीवाणू प्रामुख्याने पुढे आला आणि बोटे पिण्याच्या पाण्याकडे गेली. पोटाच्या संसर्गाशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच नसांच्या आवरणावर हल्ला करते, एवढाच हा प्रकार. बातमी घाटाखाली पोचेपर्यंत तिच्यातले पाणी गळाले होते आणि उरले होते ते एवढेच: पुण्यात माणसांचे पाय लुळे पडतायत, लसीमुळे असेल.

करोनानंतरच्या थकव्याला आता नाव मिळाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली: आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडत नसलेली लक्षणे. करोना झालेल्या शंभरांत सुमारे सहा जणांना असा त्रास होतो, असा संघटनेचा अंदाज आहे. या व्याख्येतला शेवटचा तुकडा महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येतो. लक्षणांची यादी लांबलचक आहे. इथल्या माणसांच्या तोंडून येणारी वाक्ये मात्र मोजकी. दम लागतो. अंगात राम नाही. कालवणात मीठ घातले की नाही ते आठवत नाही. एक लक्षण असे की ते ऐकून डॉक्टरही कपाळाला आठी घालतात: आज काम केले की आज काही होत नाही, उद्या माणूस अंथरुणातून उठत नाही. अशा माणसाला 'चालत राहा, व्यायाम करा, सुटेल' हा नेहमीचा सल्ला उलटतो. त्याने आपले काम तोडून तोडून करायचे असते, थकण्याच्या आधी थांबायचे असते.

हे लिहिताना पेन अडखळते. हजेरीवरच्या माणसाने थकण्याच्या आधी थांबायचे कसे? आजारातून उठलेल्याला विश्रांती लागते हे आपल्याकडे कुणाला माहीत नव्हते असे नाही. या तालुक्याच्या डोक्यावर माथेरान आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेले आणि पुढे ते हवापालटाचे ठिकाण झाले. मुंबईचे श्रीमंत टायफॉइडमधून उठले की महिना-दोन महिने तिथे राहत. त्यांच्या खुर्च्या, डोल्या आणि पाण्याच्या पखाली डोंगरावर वाहून नेणारी माणसे खालच्याच वाड्यांतली. हवापालट ही गोष्ट त्यांनी पिढ्यान् पिढ्या खांद्यावर वाहिली, भोगली कधी नाही. आजही पुस्तिकेतला 'विश्रांती घ्या' हा सल्ला रोजगार हमीच्या कामावर किंवा वीटभट्टीच्या मुकादमासमोर कसा वाजेल, याचा विचार लेखिकांनी केला आहे. त्यांचे उत्तर साधे आहे: घरातल्या कामाची वाटणी महिनाभर बदला, ओझे कमी आणि फेऱ्या जास्त करा, आणि सासूने सुनेला, नवऱ्याने बायकोला 'नाटक करते' म्हणू नये. शेवटची सूचना औषधाइतकीच गरजेची आहे.

आता लसीकडे. २०२१ मध्ये या भागात लस टोचून घ्यायला लोक कचरत होते, हे सर्वांना आठवते. टोचले की दोन वर्षांत माणूस मरतो, असा एका फ्रेंच नोबेलविजेत्याच्या नावावर खपवलेला संदेश त्या मे महिन्यात फोनाफोनी फिरला. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचे जाहीर केले, पण खुलासा संदेशाइतका फिरला नाही. ऑक्टोबरमध्ये राज्याने 'मिशन कवच कुंडल' राबवले, आरोग्यसेविका पाड्यापाड्यांवर गेल्या, आणि हळूहळू बहुतेकांनी लस घेतली. दोन वर्षे उलटली, माणसे जिवंत राहिली. शंका मात्र मेली नाही, तिने रूप बदलले. आता कुणाचे गुडघे दुखले, कुणाची पाळी चुकली, कुणी तरणाताठा क्रिकेट खेळताना कोसळला, की वाक्य ठरलेले: "लस घेतल्यापासून असं व्हायला लागलं."

या वाक्याकडे नीट पाहावे, असे मला वाटते. गावातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाने लस घेतली असेल, तर त्यानंतरचे गावातले प्रत्येक दुखणे 'लस घेतल्यापासून'च असणार. दुसरे असे की, जून-जुलै २०२१ च्या देशव्यापी सर्वेक्षणात दोन तृतीयांश लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे सापडली होती, आणि त्या वेळी बहुतेकांची लस अजून व्हायची होती. म्हणजे ज्यांना लस मिळाली त्यांतल्या पुष्कळांना त्याच वर्षात आजारही होऊन गेला होता. मग बोट लसीकडेच का? कारण लसीला तारीख आहे. प्रमाणपत्रावर नाव, डोस, दिनांक आणि वर फोटो. आजाराला तारीख नाही. क्वारंटाइन करतील, घराला कागद चिकटवतील, या भीतीने इथे कितीतरी लोकांनी तपासणीच केली नाही. साधा ताप म्हणून काढा पिऊन घरात पडून राहिले. आठवणीत एकच ठसठशीत दिवस उरला, दंडात सुई गेली तो. ज्या गोष्टीची नोंद आहे तिच्यावर आळ येतो; नोंद नसलेली सुटते. हे अडाणीपण नव्हे. उपलब्ध पुराव्यावरून काढलेला तो निष्कर्ष आहे. पुरावाच अर्धा आहे.

लसीच्या नोंदींनी काय होऊ शकते याची एक जुनी गोष्ट मुंबईतली आहे. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून लाखो डोस देशभर गेले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना ती लस दिली, त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. देशभर गहजब झाला, हाफकिन यांना बाजूला सारण्यात आले. पण त्या दिवशी कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली हे लिहून ठेवलेले होते. एकोणीसही जण एकाच बाटलीतले, ५३-एन. बाकीच्या बाटल्यांतून घेतलेल्यांना काही झाले नव्हते. दोष लसीत नव्हता, त्या एका बाटलीत गेलेल्या घाणीत होता, आणि ती गावात बाटली उघडताना गेली असण्याचा संभव होता. हे सरकारी दप्तरी मान्य व्हायला १९०७ उजाडले. लोक मेले होते, लोकांची भीती खरी होती, आणि लसही चांगली होती. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे बाटलीचा नंबर नसता तर सांगता आले नसते. १९२५ मध्ये त्याच प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव दिले गेले.

कोविशिल्डचेही असेच आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली ही लस आपल्या भागात बहुतेकांनी घेतली. तिच्या मूळच्या अ‍ॅस्ट्राझेनेका लसीमुळे फार थोड्या लोकांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट घटतात, हे मार्च २०२१ मध्ये नॉर्वे, जर्मनी, ऑस्ट्रिया इथल्या डॉक्टरांनी शोधले. शोधले ते तारखा जुळवून. ब्रिटनमध्ये पहिल्या डोसनंतर लाखामागे एक-दोन, असे त्याचे प्रमाण निघाले, आणि हा त्रास सहसा चार दिवसांपासून महिनाभराच्या आत दिसतो. एप्रिल २०२४ च्या अखेरीस ब्रिटिश न्यायालयातल्या कागदपत्रांच्या बातम्या आल्या आणि इथे पुन्हा घबराट झाली. तोवर लस घेऊन तीन वर्षे होत आली होती. ज्या त्रासाची भीती वाटत होती तो व्हायचा असता तर तेव्हाच झाला असता. सीरमने त्या वेळी सांगितले की डिसेंबर २०२१ पासूनच उत्पादन थांबवलेले आहे आणि दुर्मीळ दुष्परिणामांचा उल्लेख माहितीपत्रकात होता. तो होता, हे मान्य. पण लसीकरणाच्या रांगेत कोणत्या मावशीच्या हातात ते माहितीपत्रक पडले, हा प्रश्न विचारायला हवा. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कुणावरही लसीची सक्ती करता येत नाही असे म्हटले, आणि लसीनंतरच्या प्रतिकूल घटनांच्या नोंदी लोकांसाठी खुल्या ठेवायलाही सांगितले. पहिला भाग सर्वांना पाठ आहे, दुसऱ्याची कुणाला आठवण नाही.

तरुणांच्या अचानक मृत्यूंविषयी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभरातल्या ४७ रुग्णालयांतून केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ ते ४५ वयाचे, वरवर धडधाकट असलेले ७२९ मृत आणि तुलनेसाठी २,९१६ जिवंत व्यक्ती. लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: करोनासाठी रुग्णालयात भरती व्हावे लागणे, घरात आधी कुणाचा अचानक मृत्यू झालेला असणे, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत बेफाम दारू किंवा झेपणार नाही इतके श्रम. हे निष्कर्ष वाडीवर वाचून दाखवले की लोक लसीबद्दलचे वाक्य ऐकून मान डोलावतात आणि दारूबद्दलचे आले की उठून जातात, असे एका आशाताईंचे म्हणणे आहे.

अमेरिकेतल्या पुतण्याच्या संदेशांबद्दलही एक परिच्छेद पुस्तिकेत आहे, आणि तो मला फार आवडला. परदेशातल्या आपल्या माणसांनी फायझर, मॉडर्ना या लसी घेतल्या. त्या वेगळ्या तऱ्हेच्या. त्यांच्यामुळे क्वचित, विशेषतः तरुण मुलांत, हृदयाच्या स्नायूंना सूज आल्याची उदाहरणे तिथे नोंदली गेली. पुतण्या ते काळजीने कळवतो. काका ते वाचून आपल्या छातीवर हात ठेवतात. काकांनी घेतलेली लस ती नव्हेच. इथे फायझर आलीच नाही, तिची भीती तेवढी आली.

वर म्हटलेला व्याख्येतला शेवटचा तुकडा असा: 'दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडत नसलेली'. माझ्या मते सगळ्या पुस्तिकेचे वजन या तुकड्यावर आहे. 'करोनामुळे' किंवा 'लसीमुळे' असे एकदा ठरले की माणूस पुढचे शोधत नाही. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला करोनाच्या माथी मारला जातो आणि थुंकी तपासायची राहते. क्षय असेल तर तो तोवर घरातल्या लेकरांपर्यंत पोचतो. त्याची तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. चढणीवर लागणारा दम इथल्या बायकांत बऱ्याचदा रक्त कमी असल्याचा असतो. पाय जड पडणे, हातापायांना मुंग्या, सारखी तहान ही साखर असू शकते. थायरॉइडचा थकवा तर कुणाच्याही डोक्यात येत नाही. डॉक्टरांकडूनही उलट्या बाजूने हीच चूक होते: 'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचे खेळ आहेत' म्हणून बाईला परत पाठवायचे. रिपोर्ट नॉर्मल असणे आणि बाई ठणठणीत असणे या दोन गोष्टी एक नाहीत. परत पाठवलेली बाई जाते कुठे? पुडीवाल्याकडे.

लेखिकांनी प्रत्येक भागाच्या शेवटी कोरी पाने ठेवली आहेत. तिथे ताप कधी आला, कधी गेला, तपासणी केली का, कोणती लस कोणत्या तारखेला घेतली, त्यानंतर तीस दिवसांत काय वाटले, कोणती औषधे कुणाकडून घेतली, हे लिहायचे. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्यायचे. पोरांना हे काम आवडते. पुडीतल्या गोळ्यांचे नाव माहीत नसेल तर रिकामे पाकीट त्या पानाला टाचायचे. उपजिल्हा रुग्णालयात जा किंवा कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात, वही बरोबर न्यायची. पाच मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरला वर्षाची हकीकत कळण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. लसीनंतर काही गंभीर घडले तर आरोग्यसेविकेकडून ते लेखी कळवून घ्यायचे, आणि कळवल्याचा कागद मागायचा. तो मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

पहिले पान मात्र वेगळे आहे, ते आधी भरावे. छातीत दाबल्यासारखे दुखणे, बसल्या जागी श्वास न पुरणे, एका बाजूचे तोंड किंवा हात-पाय लुळे पडणे, दोन्ही पायांतली शक्ती दिवसागणिक वर वर जात कमी होणे, लसीनंतरच्या महिन्यात कधी नव्हे असे सतत डोके दुखणे किंवा पाय एकाएकी सुजणे, यांतले काही झाले तर वही-बिही राहू द्यावी आणि १०८ लावावा. वाडीत रेंज नसते. ती कुठल्या दगडावर उभे राहिले की मिळते, गाडी कुठवर येते आणि तिथपर्यंत झोळी न्यायला रात्री कोणती चार माणसे उठतील, यासाठी त्या पानावर तीन ओळी सोडल्या आहेत.